पॉइंट कशाचे मिळतात, ते आधी बघा

ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवणारे भरपूर असतात. तो पुरा करणारे किती? हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावर चालवलेल्या कोर्सेसचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या दर शंभरांमागे जेमतेम तिघांनी कोर्स शेवटापर्यंत नेला होता. शिकवणारे नामांकित, बरेचसे शिक्षण फुकट, घरबसल्या सोय, आणि तरी ही गळती! त्यातले कित्येक नुसतेच डोकावायला आले असणार हे मान्य. पण उरलेल्यांतलेही बहुतेक वाटेतच थांबले.

याचं नवल वाटायला नको. वर्गात समोर बाई असतात, शेजारी मैत्रीण असते, फी भरलेली असते आणि मध्येच उठून जायची लाज वाटते. मोबाइलवरच्या कोर्सात यातलं काहीच नसतं. धडा अर्धा सोडला तर कुणी विचारत नाही. ही मोकळी जागा भरायला प्रशिक्षण देणाऱ्यांनी खेळातल्या युक्त्या उचलल्या: धडा संपला की पॉइंट, दहा धडे झाले की बॅज, रोज आलात तर स्ट्रीक, सगळ्यांच्या वर गेलात तर लीडरबोर्डवर नाव. या सगळ्याला मिळून गेमिफिकेशन म्हणतात. आज भाषा शिकवणाऱ्या ॲपपासून सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणापर्यंत ते सगळीकडे दिसतं. केंद्र सरकारच्या आयगॉट कर्मयोगी व्यासपीठावर कोर्स पुरा केला की कर्मा पॉइंट जमा होतात.

प्रश्न असा की यामुळे माणूस खरंच शिकतो का? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, पण समजायला अवघड नाही. त्यासाठी एकेक युक्ती आपल्या डोक्यात नेमकं काय करते, हे बघावं लागेल.

सुरुवात स्ट्रीकपासून करू, कारण सगळ्यांत ताकदवान तीच आहे. ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं ॲप २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्यातलं हिरवं घुबड आता शिकणाऱ्यांपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. रोज निदान एक धडा केला की ज्योतीच्या चिन्हाशेजारचा आकडा एकाने वाढतो. एक दिवस चुकला की शून्य. एवढंच. पण ज्याचा आकडा दोनशेच्या वर गेला आहे, त्याला विचारा. लग्नाच्या मांडवातून, रात्रीच्या एसटीतून, तापाने फणफणलेला असतानाही तो धडा करून मोकळा होतो.

यामागचं कारण डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडलं होतं. शंभर रुपये मिळाल्याचा जितका आनंद होतो, त्याहून शंभर रुपये हरवल्याचं दुःख मोठं असतं. स्ट्रीक सुरुवातीला कमाईसारखी वाटते. पण पंधरावीस दिवसांनी ती आपली मालमत्ता होते, आणि मग आपण काही मिळवण्यासाठी धावत नाही, जे आहे ते जाऊ नये म्हणून धावतो. बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच स्ट्रीक फ्रीझ नावाची सोय आहे: ॲपमधले हिरे खर्च करून एखादा दिवस चुकला तरी आकडा वाचवता येतो. साखळी एकदा तुटली की माणूस निराश होऊन ॲपच काढून टाकतो, हा धोका त्यामुळे टळतो.

आता यात वाईट काय? रोज थोडं थोडं शिकणं चांगलंच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा अंतर ठेवून उजळणी केली तर कमी कष्टात लक्षात राहतं. स्ट्रीक नेमकी ही सवय लावते. अडचण आकड्याच्या स्वभावात आहे. आकड्याला एवढंच कळतं की आज धडा झाला. कोणता झाला, ते कळत नाही. मग रात्री पावणेबाराला माणूस सहा महिन्यांपूर्वीचा सोप्यात सोपा धडा उघडतो, मिनिटभरात उरकतो आणि झोपतो. ज्योत पेटलेली राहते, स्पॅनिश जिथल्या तिथे.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या गिटहब या व्यासपीठावरही प्रत्येकाच्या पानावर सलग किती दिवस काम केलं ते दिसायचं. २०१६ च्या मे महिन्यात गिटहबने तो आकडा काढून टाकला. पुढे संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. लांबलचक साखळ्या कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम घटलं, आणि ज्या दिवशी नावापुरतं एकच काम नोंदवलं जायचं असे दिवसही कमी झाले. म्हणजे काही लोक कामासाठी नव्हे, आकड्यासाठीच हजेरी लावत होते. आकडा गेला, हजेरीही गेली.

प्रोग्रेस बारची, म्हणजे कोर्स किती पुरा झाला ते दाखवणाऱ्या पट्टीची, गोष्ट लहान पण मजेदार आहे. जोसेफ न्युनेस आणि झेवियर ड्रेझ या दोघांनी २००६ साली गाडी धुण्याच्या एका केंद्रावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्के भरले की एकदा गाडी मोफत धुऊन मिळेल, असं कार्ड दिलं. इतरांना दहा शिक्क्यांचं कार्ड दिलं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच फेऱ्या मारायच्या होत्या. तरी पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पुरं भरलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. काम सुरू झालेलं आहे असं वाटलं की ते अर्धवट टाकवत नाही. नुसतं नाव आणि फोटो भरल्यावर कोर्स ‘१० टक्के पूर्ण’ दाखवतो, तो याचसाठी. ही युक्ती निरुपद्रवी आहे, बिनधास्त वापरावी.

लीडरबोर्डबद्दल मी इतका उदार नाही. ड्युओलिंगोत साधारण तीस जणांचा गट आठवडाभर पॉइंटांसाठी झुंजतो. वरचे पुढच्या लीगमध्ये चढतात, खालचे घसरतात. पहिल्या पाचात असलेल्याला यात खूप चेव येतो, पण तो तसाही शिकलाच असता. चोविसाव्या नंबरवर असलेल्याचं काय? ऑफिसातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. पंचावन्न वर्षांचे हेडक्लार्क, ज्यांना नियम तोंडपाठ आहेत पण माउस नीट चालत नाही, त्यांचं नाव यादीच्या तळाला आणि दोन वर्षांपूर्वी लागलेला मुलगा सगळ्यांत वर. साहेबांच्या ईमेलमधून ती यादी सगळ्यांना गेलेली. भाऊसाहेब पुढचा कोर्स उघडतील खरे, पण शेजारच्या मुलाला सांगतील, ‘बाळा, माझंही तेवढं करून टाक रे.’

कामाच्या ठिकाणी हे टोकाला गेल्याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. अनाहाइमच्या डिस्नीलँड हॉटेलांच्या धुलाईघरात कामगारांचा वेग मोठ्या पडद्यावर दाखवला जाऊ लागला. लक्ष्य गाठलं तर नाव हिरवं, मागे पडलं तर लाल. २०११ साली वृत्तपत्रांतून हे बाहेर आलं तेव्हा कामगारांनी त्या पडद्याला दिलेलं नावही छापून आलं: इलेक्ट्रॉनिक चाबूक. मागे पडू नये म्हणून काही जण लघवीला जायचंही टाळत होते. तिथला पडदा आणि ॲपमधला लीडरबोर्ड यांची यंत्रणा एकच आहे. फरक एवढाच की ॲप बंद करता येतं. सक्तीच्या प्रशिक्षणात तेही करता येत नाही.

आता बक्षिसाकडे वळू, कारण या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं, अशीच मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, या वेळी बक्षिसाचं नावही न काढता. पहिल्या गटातल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ दिला. जी गोष्ट मजा म्हणून होत होती, ती बक्षिसाचं काम झाली. बक्षीस बंद, काम बंद.

लक्षात घ्या, अवचित मिळालेल्या बक्षिसाने काहीच बिघडलं नाही. बिघडवलं ते ‘हे कर, म्हणजे ते मिळेल’ या सौद्याने.

इथपर्यंत वाचून बरेच लोक थांबतात आणि बक्षीस वाईट असा निकाल देतात. तो घाईचा आहे. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली अशा १२८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. जिथे आधीच गोडी आहे तिथे कबूल केलेल्या बक्षिसाने ती कमी होते, हे त्यातही दिसलं. पण काम मुळातच कंटाळवाणं असेल तर बक्षिसाने असं नुकसान होत नाही. नसलेली गोडी कमी कशी होणार? आणि मनापासून केलेल्या कौतुकाने गोडी उलट वाढते. त्यामुळे आगीच्या वेळी कोणत्या दाराने बाहेर पडायचं, याच्या दरवर्षीच्या कोर्सला पॉइंट लावलेत तर बिघडणार काही नाही. पण ज्या शिक्षिकेला नवीन काही शिकण्याची हौस आहे, तिच्या हौसेला पॉइंटांचा भाव लावणं धोक्याचं.

वर्गातही हे तपासलं गेलं आहे. मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजचा एकच विषय दोन वर्गांना शिकवला होता. एका वर्गात बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्यात नाही. सत्र पुढे सरकत गेलं तशी बॅजवाल्या वर्गाची गोडी ओसरत गेली आणि अंतिम परीक्षेतही त्याचा परिणाम दिसला. उलट बाजूला, युहो हमारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली २४ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा बहुतेकांत काही ना काही फायदा आढळला होता. म्हणजे खेळ लावला की शिकणं आपोआप होतं असं नाही आणि बिघडतंच असंही नाही. कुठे, कुणासाठी आणि मुख्य म्हणजे कशाला लावला, यावर सगळं ठरतं.

‘कशाला’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतोय. पॉइंट म्हणजे मजुरी. ज्या कृतीला ती मिळते ती कृती वाढते, बाकीचं मागे राहतं. बहुतेक ऑनलाइन प्रशिक्षणांत ही मजुरी कशाला मिळते? व्हिडिओ शेवटपर्यंत चालवायला. मग काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे: आवाज बंद, टॅब बाजूला, चहा चालू. शेवटची प्रश्नमंजूषा? तिची उत्तरं पहिल्या तासातच व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली असतात, ‘१-ब, २-क, ३-ड’ अशी, खाली हात जोडल्याच्या इमोजीसकट. लोकांना बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही. ज्याचे पैसे ठरले ते काम त्यांनी चोख केलं. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने कर्मयोगी सप्ताह पाळला, तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावं असं लक्ष्य होतं. सुरुवात म्हणून हे ठीक आहे, तासांमुळे लोक दारापर्यंत येतात. पण तास मोजले तर तासच भरतात.

खेळाची खरी ताकद पॉइंटांत नसतेच. कॅरम खेळताना कुणी बॅज देत नाही, तरी दुपार कशी सरते कळत नाही. सोंगटी मारली की लगेच दिसतं, गेली की राहिली. चुकली तर काही बुडत नाही, पाळी पुन्हा येते. आणि समोरचा आपल्या तोडीचा असेल तरच रंग चढतो. लगेच उत्तर, चुकायची मुभा, बेताची अवघड पायरी. या तिन्ही गोष्टी शिकण्यालाही लागतात, आणि महागड्या प्रशिक्षणांतूनही नेमक्या त्याच गायब असतात. ड्युओलिंगोच्या फुकट आवृत्तीत तर बराच काळ उलटंच होतं: चूक केली की एक हार्ट जायचं, आणि पाच गेली की धडा बंद. शिकायला आलेल्या माणसाला चुकल्याबद्दल शिक्षा! असा नियम करणाऱ्यांचं लक्ष शिकण्यापेक्षा पैसे भरणाऱ्या सभासदांवर असावं, असं मला वाटतं.

याच्या उलट खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळाची गणिताची पद्धत बघा. पॉइंट आणि बॅज तिथेही आहेत, उल्केपासून कृष्णविवरापर्यंत. पण महत्त्वाची आहे ती प्रत्येक कौशल्याची पायरी. सगळ्यांत वरची पायरी एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवून मिळत नाही. वेगवेगळे प्रकार मिसळलेल्या चाचणीतही ते गणित जमलं तरच मिळते. पुढे कधी तिथेच चुकलात तर पायरी खाली येते. व्हिडिओ किती पाहिले याच्याशी तिचा संबंध नाही. ती पायरी बघून या मुलाला अपूर्णांक येतात की नाही, हे खरंच सांगता येतं.

आपल्याकडचा एक जुना नमुना इथे आठवतो, तो म्हणजे मोक्षपट. लोकपरंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. इतिहासाच्या दृष्टीने ते सिद्ध करणं कठीण आहे, पण असे जुने पट महाराष्ट्रात सापडले आहेत. पटाच्या घरांत सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले, सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. शिकवायची गोष्ट खेळाच्या बाहेर चिकटवलेली नाही, खेळच तिने बनला आहे. हे सुरेखच. पण एक खोट आहे, आणि ती आजच्या कितीतरी प्रशिक्षणांत जशीच्या तशी दिसते: कोणत्या घरात पडायचं ते कवड्या ठरवतात. खेळणारा काहीच निवडत नाही. निवड नसली की गंमत येते, शिकणं येत नाही.

मग निवड असलेलं प्रशिक्षण कसं दिसेल? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका बँकेला कर्मचाऱ्यांना सायबर फसवणुकीबद्दल शिकवायचं आहे. नेहमीचा मार्ग असा: चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, दहा प्रश्न, ‘सायबर योद्धा’ असा बॅज, शाखांची क्रमवारी.

दुसरा मार्ग. पडद्यावर तुम्ही काउंटरला बसला आहात. निवृत्त शिक्षक असलेले जुने खातेदार येतात, मुदतठेव मोडायची म्हणतात, सगळी रक्कम आजच एका नव्या खात्यावर पाठवायची आहे. शर्टाच्या खिशातला मोबाइल चालू आहे. तुम्ही काय कराल? फॉर्म पुढे कराल? कारण विचाराल? कारण विचारलंत तर ते म्हणतात, ‘मुलाच्या फ्लॅटसाठी.’ आवाज जरा कापतो. आता? अनेक जण इथे फॉर्म पुढे करतात, कारण गिऱ्हाइकाने कारण दिलं आणि मागे रांग आहे. पुढच्या पडद्यावर दोन तासांनंतरचं चित्र येतं: पैसे सात खात्यांत फुटले आहेत आणि गुरुजी पुन्हा समोर उभे आहेत. त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचं सांगून सकाळपासून व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं होतं आणि बँकेत काय बोलायचं तेही पढवलं होतं. गुण कापलेले नाहीत, लाल फुली नाही. फक्त एक बटण: पुन्हा खेळा.

दुसऱ्या फेरीत खेळणारा कर्मचारी गुरुजींना चिठ्ठीवर लिहून विचारतो, ‘फोनवर कोणी आहे का?’ त्यांना आत केबिनमध्ये नेतो, फोन बंद करायला लावतो, मॅनेजरला बोलावतो. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे तो समजावून सांगतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन लावतो. हे सगळं तो ऐकून नाही, करून शिकला. शिवाय हा प्रसंग हवेतला नाही. कर्मचाऱ्याला संशय आला म्हणून एखाद्या ज्येष्ठाची आयुष्यभराची पुंजी वाचली, अशा बातम्या मधूनमधून येतच असतात.

यात पॉइंट घालायचे? घाला हवे तर. पण फेरी संपवल्याचे नको. दुसऱ्यांदा वेगळा आणि बरोबर मार्ग निवडला त्याचे द्या, आणि आपल्या शाखेत घडलेला खरा प्रसंग लिहून पाठवणाऱ्याला जास्त द्या. क्रमवारी लावायचीच असेल तर माणसांची नको, अख्ख्या शाखेची लावा, म्हणजे माउस न चालणाऱ्या हेडक्लार्कला शेजारचा मुलगा त्याचं काम उरकून देण्याऐवजी शिकवायला बसेल. असा प्रसंग बनवायला व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागतो. काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला सोबत घेऊन तो लिहावा लागतो. म्हणूनच बहुतेक संस्था व्हिडिओ आणि बॅजवर भागवतात. २०१२ साली गार्टनर या संशोधन संस्थेने भाकीत केलं होतं की गेमिफिकेशनचे तेव्हाचे ८० टक्के प्रयोग दोन वर्षांत उद्दिष्ट गाठू शकणार नाहीत, मुख्यतः रचना वाईट असल्यामुळे. टक्केवारी बाजूला ठेवली तरी कारण पटण्यासारखं आहे. बॅज लावायला एक दुपार पुरते, चांगला प्रसंग लिहायला महिना जातो.

प्रशिक्षण लागू पडलं का हे तपासायचं असेल, तर कोर्स संपल्या दिवशीची टक्केवारी फारशी कामाची नाही. त्या दिवशी सगळ्यांना सगळं आठवतं. तीनचार आठवडे जाऊ द्यावेत. मग कुठलीही पूर्वसूचना न देता, पॉइंटांचा उल्लेखही न करता, सगळ्यांना एक बनावट ईमेल पाठवावा: ‘पगारवाढीची यादी, इथे क्लिक करा.’ किती जणांनी क्लिक केलं ते दिसेलच. मी आधी दुसरा आकडा बघेन: किती जणांनी तो ईमेल दहा मिनिटांच्या आत आयटी विभागाला कळवला.